वडिलांसाठी घरी बायपॅप यंत्र आताच घ्यावे का? (सीओपीडी, रक्तातील वाढलेला कार्बन डायऑक्साइड)

प्रश्न: चिंचपोकळीकर

नमस्कार. माझे वडील सत्तरी ओलांडलेले आहेत. उमेदीची वर्षे त्यांनी गिरणीच्या कार्डिंग खात्यात, कापसाच्या तुसात काढली. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली आणि पुढे एका गोदामावर त्यांनी रखवालदारी केली. विडी सोडून त्यांना काही वर्षे झाली आहेत. सीओपीडीचे (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचे) निदान जुने आहे, पंप नियमित चालू आहेत आणि तरीही न्हाणीघरापर्यंत जाऊन येताना त्यांना धाप लागते.

गेल्या महिन्यात साध्या सर्दी-खोकल्याचे निमित्त झाले आणि दोन दिवसांत ते इतके गुंगीत गेले की आईने हाक मारली तरी अर्धवट डोळे उघडून पुन्हा मिटून घेत होते. रुग्णालयात नेल्यावर एबीजी (धमनीतील रक्ताची तपासणी) केली, त्यात पीएच ७.२६ आणि कार्बन डायऑक्साइड ७८ (मिमी पारा) आला. आयसीयूमध्ये नाका-तोंडावर मास्क लावून बायपॅप यंत्रावर (मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) ठेवले आणि घशात नळी घालण्याची वेळ आली नाही, याबद्दल तेथील डॉक्टर आणि परिचारिका यांचे आम्ही कायमचे ऋणी आहोत. घरी सोडताना पीएच ७.३७ आणि कार्बन डायऑक्साइड ५६ होता. सध्या नाकातील नळीने मिनिटाला एक लिटर ऑक्सिजन चालू आहे आणि ते शुद्धीवर, नीट बोलते-चालते आहेत.

आमची अडचण अशी आहे की डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच एक विक्रेता थेट खाटेजवळ येऊन उभा राहिला आणि यंत्र आजच घेतले नाही तर पुन्हा आयसीयूत यावे लागेल, असे सांगू लागला. रक्कम आमच्या आवाक्याबाहेरची होती, म्हणून आम्ही थोडा वेळ मागून घेतला. तेव्हापासून आई रोज विचारते की पैशांसाठी आपण बाबांच्या जिवाशी खेळतो आहोत का. हे यंत्र खरोखर आताच घ्यायला हवे का? ऑक्सिजन चालू असताना त्याची वेगळी गरज का पडते? आणि एकदा सुरू केले की ते जन्मभर लावावे लागते का? अनुभवी किंवा जाणकार मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: छातीविकारतज्ज्ञ (पालिका रुग्णालय)

आपल्या आईंना प्रथम हे सांगा की थांबून विचारणे म्हणजे हयगय नव्हे. आपण दिलेल्या आकड्यांवरून पाहता, वडिलांच्या बाबतीत काही आठवडे थांबून पुन्हा तपासणी करणे हाच बहुधा शास्त्राला धरून असलेला मार्ग आहे. त्यांना प्रत्यक्ष तपासलेले नसल्यामुळे अंतिम निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच राहील, पण त्यामागचा विचार आपल्याला माहीत असलेला बरा.

ऑक्सिजन आत घेणे आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणे ही फुफ्फुसांची दोन वेगळी कामे आहेत. सीओपीडीमध्ये श्वासनलिका उच्छ्वासाच्या वेळी मिटू लागतात, त्यामुळे आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. दादरला खचाखच भरलेल्या डब्यातून आतले लोक उतरल्याशिवाय नवे चढू शकत नाहीत, तसेच येथे होते. फुफ्फुसे कायम फुगलेली राहतात, त्यांच्याखालचा श्वासपटल दाबला जाऊन सपाट होतो आणि सपाट झालेल्या स्नायूला जोर लावता येत नाही. जागेपणी माणूस मान आणि खांद्यांच्या स्नायूंनी ही उणीव भरून काढतो. झोपेत, विशेषतः स्वप्नावस्थेच्या झोपेत, हे मदतीचे स्नायू सैल पडतात, श्वास उथळ होतो आणि कार्बन डायऑक्साइड साचत जातो. सकाळी उठल्यावर डोके जड असणे, दिवसा पेंग येणे, स्वभाव चिडचिडा होणे, पसरलेल्या हातांचे पंजे फडफडणे ही त्याची लक्षणे आहेत.

नाकातील नळीने ऑक्सिजन दिल्यावर पहिले काम सुधारते, दुसरे सुधारत नाही. उलट, गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर या रुग्णांत कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो, कारण फुफ्फुसातील रक्तप्रवाह हवा कमी पोहोचणाऱ्या भागांकडे वळतो आणि श्वास घेण्याची प्रेरणाही काहीशी मंदावते. म्हणून त्यांच्यासाठी बोटावरच्या ऑक्सिमीटरचे लक्ष्य ८८ ते ९२ टक्के एवढेच ठेवतात. ९८ दिसावे म्हणून घरच्यांनी प्रेमापोटी लिटर वाढवू नयेत, हे मी बाह्यरुग्ण विभागात रोज सांगतो आणि तरीही ते पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

बायपॅप यंत्र हे दुसऱ्या कामाला हात देते. श्वास आत घेताना ते जास्त दाबाने हवा देते, बाहेर सोडताना दाब कमी करते, त्यामुळे प्रत्येक श्वास खोल होतो आणि थकलेल्या स्नायूंना रात्रभर विश्रांती मिळते. यंत्राने फुफ्फुसे पूर्वीसारखी होत नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवे. ते रात्रीचा भार वाहते.

आता मुख्य मुद्दा. आजार एकाएकी बळावून रक्त आम्लधर्मी झालेले असताना, म्हणजे पीएच ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर असताना, रुग्णालयात बायपॅप लावल्याने नळी घालण्याची वेळ आणि मृत्यू दोन्ही कमी होतात, याबद्दल १९९० च्या दशकापासून भक्कम पुरावा आहे. आपल्या वडिलांना त्याचाच लाभ झाला. परंतु रुग्णालयात उपयोगी पडले म्हणून ते घरीही लागेलच, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. संसर्ग ओसरल्यावर पुष्कळ रुग्णांचा कार्बन डायऑक्साइड पुढच्या काही आठवड्यांत आपोआप खाली येतो.

या बाबतीत तीन अभ्यास जाणून घेण्यासारखे आहेत. नेदरलँड्समध्ये सुमारे २०० रुग्णांना तीव्र आजारातून उठल्याबरोबर घरी यंत्र देऊन पाहिले. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा यंत्र मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात पुन्हा दाखल होणे किंवा मृत्यू यांत फरक दिसला नाही. त्याच वर्षी जर्मनी आणि ऑस्ट्रियातील १९५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रकृती स्थिर असूनही कार्बन डायऑक्साइड ५२ च्या आसपास किंवा त्याहून अधिक असलेले रुग्ण घेतले होते आणि तो पुरेसा खाली यावा इतका दाब दिला होता. एका वर्षात यंत्राविना ३३ टक्के तर यंत्रासह १२ टक्के रुग्ण दगावले. पुढे २०१७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील ११६ रुग्णांच्या अभ्यासात, तीव्र आजारानंतर दोन ते चार आठवड्यांनीही कार्बन डायऑक्साइड ५३ च्या वर राहिलेल्यांनाच निवडले. वर्षभरात पुन्हा दाखल होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण केवळ ऑक्सिजनवर असलेल्यांत सुमारे ८० टक्के, तर ऑक्सिजनसोबत यंत्र वापरणाऱ्यांत सुमारे ६३ टक्के होते.

या तिन्हींतून निघणारा अर्थ असा की यंत्र उपयोगी आहे, पण ते योग्य रुग्णाला, योग्य वेळी आणि पुरेशा दाबावर मिळाले तर. अमेरिकी छातीविकार संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: दाखल असतानाच घाईने दीर्घकालीन यंत्र सुरू करू नये, दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासून ठरवावे.

याला अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. रुग्णालयात यंत्र काढले की पीएच पुन्हा घसरत असेल, किंवा रुग्ण स्थूल असून मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर यंत्राशिवाय घरी पाठवणे धोक्याचे ठरू शकते. वडील घोरतात का, झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटतो का, याकडे आईंना लक्ष ठेवायला सांगा आणि डॉक्टरांना आवर्जून कळवा.

जन्मभर लागते का, हा प्रश्न बहुतेक सर्वजण विचारतात. यंत्राची सवय लागून फुफ्फुसे आळशी होतात, हा समज निराधार आहे. ज्यांना खरी गरज असते त्यांना ते बहुधा पुढेही लागते, याचे कारण आजार टिकून असतो. वेळोवेळी एबीजी करून गरज आणि दाब यांचा फेरविचार करता येतो.

तोवर मात्र एका गोष्टीत कसूर नको. पुन्हा पेंग येऊ लागली, बोलणे असंबद्ध झाले, सकाळचे डोके दुखणे वाढले किंवा ओठ निळसर दिसले, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच तासाला रुग्णालयात न्यावे. १०८ ची रुग्णवाहिका आली तर "सीओपीडी आहे, कार्बन डायऑक्साइड साचतो, ऑक्सिजनचे लक्ष्य ८८ ते ९२" असे लिहिलेला कागद त्यांच्या हाती द्यावा. टास्मानियात रुग्णवाहिकांमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सरसकट भरपूर ऑक्सिजन देण्याऐवजी असा मोजून-मापून दिल्यावर सीओपीडीच्या रुग्णांतील मृत्यू लक्षणीय कमी झाले होते.

उत्तर: भांडुपची सून

डॉक्टरांनी निर्णयाबद्दल लिहिले आहे, म्हणून मी यंत्र घरात आल्यानंतरचे लिहिते. माझ्या सासूबाईंना काही वर्षांपासून रात्री बायपॅप लागतो. त्यांनी आयुष्यात कधी विडीला हात लावला नाही. गावी चुलीच्या धुरात स्वयंपाक करण्यात त्यांची अर्धी हयात गेली.

पहिले काही आठवडे फार कठीण गेले, हे आपल्याला आधीच कळलेले बरे. मास्क लावला की आपला जीव गुदमरतो असे त्यांना वाटे आणि मध्यरात्री त्या तो ओढून काढत. आम्हाला खरा उपयोग झाला तो दुपारच्या सरावाचा. त्या खुर्चीत बसून मालिका पाहत असताना आधी नुसता मास्क हातात धरून चेहऱ्याला लावायचा, मग पट्टे न बांधता यंत्र चालू करायचे, मग अर्धा तास बांधून ठेवायचा. भीती गेल्यावर रात्रीचे तास हळूहळू वाढले. निदान पाच-सहा तास तरी रोज लागावा, असे आम्हाला सांगितले होते. एका सलग झोपेत झाले नाहीत तरी चालते.

मास्कचे माप हा यंत्राइतकाच मोठा प्रश्न आहे. पट्टे जितके घट्ट तितके चांगले, असे वाटून आम्ही सुरुवातीला करकचून बांधत असू, तर नाकाच्या हाडावर लाल व्रण उठला. परिचारिकेने तेथे जखमेवर लावायची मऊ पट्टी लावून दिली आणि पट्ट्याखालून एक बोट सहज सरकेल इतकेच घट्ट बांधायला शिकवले. डोळ्यांकडे वारा जात असेल, तर सकाळी डोळे लाल दिसतात. सासूबाई कवळी काढून झोपत, त्यामुळे गाल आत जाऊन मास्कच्या कडेने हवा फसफसत असे. कवळी ठेवून पाहिली आणि गळती थांबली. आपल्या वडिलांना दाट मिशा असतील तर तेथूनही हवा जाते, तेव्हा माप घेताना तसे सांगा.

तोंड कोरडे पडत असेल तर यंत्राला जोडायचे गरम पाण्याचे भांडे मिळते. त्यात डिस्टिल्ड पाणीच घालावे आणि उरलेले पाणी रोज सकाळी ओतून टाकावे. पोटात वारा धरणे हाही एक त्रास आहे. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके ठेवल्यावर आमच्याकडे तो कमी झाला.

आज सासूबाई स्वतःच्या हाताने मास्क लावतात. सकाळी उठल्यावर त्यांचे डोके दुखत नाही आणि त्या पुन्हा निवडण-टिपण करू लागल्या आहेत. आपल्या आईंना माझ्याकडून धीर द्या.

चिंचपोकळीकर

दोघांचेही मनापासून आभार. आईला दोन्ही उत्तरे वाचून दाखवली. वडील घोरत नाहीत आणि अंगानेही किडकिडीत आहेत. डिस्चार्जनंतरच्या चौथ्या आठवड्यात पालिका रुग्णालयाच्या छातीविकार विभागात दाखवायचे ठरवले आहे. तोपर्यंत दोन गोष्टी कळल्या तर बरे होईल. यंत्र घ्यावेच लागले तर जुने, वापरलेले चालेल का? एका नातेवाइकांच्या घरी एक पडून आहे. आणि ऑक्सिजनचे यंत्र व बायपॅप दोन्ही चालू असताना वीज गेली तर काय करायचे?

उत्तर: श्वसनोपकरण तंत्रज्ञ, ठाणे

मी अशी यंत्रे घरोघरी बसवण्याचे आणि तपासण्याचे काम करतो. आपल्या दोन्ही प्रश्नांत बारकावे आहेत.

नातेवाइकांच्या यंत्राबाबत सर्वप्रथम ते सीपॅप आहे की बायपॅप, हे पाहा. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. सीपॅप एकच दाब सतत देते. घोरण्याच्या आजारासाठी ते योग्य आहे, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर काढण्याच्या कामी ते येथे पुरे पडणार नाही. बायपॅपमध्येही एसटी प्रकारचे असेल तर बरे, म्हणजे रुग्णाने स्वतः श्वास घेतला नाही तरी ठरावीक गतीने यंत्र श्वास देते. वरचा दाब किती जाऊ शकतो तेही पाहा. वर उल्लेख झालेल्यांपैकी लाभ दिसलेल्या दोन अभ्यासांत श्वास घेतानाचा दाब सरासरी वीसच्या (सेंमी पाणी) पुढे ठेवलेला होता. काही स्वस्त किंवा जुनी यंत्रे वीसवरच थांबतात. अनेक घरांत यंत्र दहा-बाराच्या दाबावर चालू असलेले मला दिसते. रुग्णाला ते सुखाचे वाटते, पण रक्तातील आकडा हलत नाही. दाब मात्र डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय कोणीही, मी सुद्धा, बदलू नये.

जुने यंत्र घेताना आणखी एक तपासणी आवश्यक आहे. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने जगभरातून लाखो यंत्रे परत मागवली, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला स्पंजासारखा फोम कालांतराने झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. आपल्या यंत्राचा क्रमांक त्या यादीत आहे का, हे कंपनीकडून पडताळून घ्या. नळी, मास्क आणि फिल्टर कोणत्याही परिस्थितीत नवे घ्या.

मास्कबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. या यंत्रांच्या मास्कवर किंवा नळीच्या टोकाशी बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून सतत सूं असा आवाज येतो. ती गळती नसते. उच्छ्वास बाहेर जाण्याची तीच वाट असते. आवाजाने झोपमोड होते म्हणून त्या छिद्रांवर पांढरी चिकटपट्टी लावलेली मी घरांत पाहिली आहे. असे केल्यास रुग्ण आपलाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत घेत राहतो, म्हणजे ज्यासाठी यंत्र आणले तेच उलटते. आयसीयूतील मोठ्या व्हेंटिलेटरचे मास्क बिनछिद्रांचे असतात, ते घरी जपून आणलेले असले तरी या यंत्राला जोडू नयेत. छिद्रे दररोज उजेडासमोर धरून मोकळी आहेत ना, ते पाहावे.

वीज गेल्यावर दोन यंत्रांचा विचार वेगवेगळा करावा. बायपॅपला, गरम पाण्याचे भांडे बंद ठेवले तर, फार थोडी वीज लागते आणि चांगल्या साइन-वेव्ह इन्व्हर्टरवर ते रात्रभर चालू शकते. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र) मात्र तीनशे वॉटच्या आसपास किंवा त्याहून अधिक वीज खातो, त्यामुळे घरचा लहान इन्व्हर्टर लवकर रिकामा होतो. त्यासाठी भरलेला सिलिंडर घरात हवा. बी टाइपच्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला एक लिटरने तो जवळपास एक दिवस, दोन लिटरने सुमारे बारा तास पुरतो. मुंबईत वीज सहसा जात नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, परंतु १२ ऑक्टोबर २०२० रोजी संपूर्ण महानगराचा पुरवठा सकाळी एकाएकी बंद पडला होता, आणि २६ जुलै २००५ च्या पुरानंतर उपनगरांतील कित्येक वस्त्या दीर्घकाळ अंधारात होत्या. घरी श्वसनोपकरणे असल्याचे वीज कंपनीला लेखी कळवून ठेवावे.

ऑक्सिजन बायपॅपच्या नळीत सोडायचा असेल तर क्रम पाळा: आधी बायपॅप चालू करून मग ऑक्सिजन, आणि बंद करताना आधी ऑक्सिजन. अन्यथा बंद यंत्रात ऑक्सिजन साचून आगीचा धोका संभवतो. एका खोलीच्या घरात देवघर, गॅसची शेगडी आणि ऑक्सिजन एकमेकांच्या शेजारी येतात. निरांजन आणि उदबत्ती वडिलांच्या खाटेपासून दूर, शक्य तर दुसऱ्या खोलीत लावा आणि वडिलांच्या खोलीत कोणालाही विडी-सिगारेट ओढू देऊ नका.

लालबाग-परळ पट्ट्यात टॉवरांची बांधकामे चालू असल्याने फिल्टर फार लवकर काळा पडतो. धुण्यासारखा फिल्टर दर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावावा. पांढरा, पातळ फिल्टर धुता येत नाही, तो बदलावाच लागतो. खरेदीपूर्वी यंत्र महिनाभर भाड्याने मिळते का ते विचारा. वडिलांना मास्क सोसतो की नाही, हे तेवढ्यात कळून येते. आरोग्य विमा असेल तर पॉलिसीचे कागद नीट वाचा, कारण घरी वापरायची यंत्रे बहुधा वगळलेली असतात.

उत्तर: गिरगावातील एक वाचक

येथे अजून न आलेला एक विषय मांडतो. तो जड आहे, पण वडील शुद्धीवर आणि बोलते असतानाच त्याचा विचार व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

माझ्या आईला हाच आजार होता. यंत्र योग्य होते, दाब योग्य होता, मास्कही नीट बसत होता. तिने काही महिने प्रामाणिकपणे लावला आणि मग सांगितले की मला हे नको. रात्री मुलांशी, नातवंडांशी बोलता येत नाही, पाणी मागता येत नाही, याचा तिला फार त्रास होत असे. आम्ही भावंडांनी आधी तिला समजावले, मग रागावलो. अखेरीस तिच्या डॉक्टरांनी आम्हा सर्वांना समोर बसवून तिलाच विचारले की तुमच्या दृष्टीने चांगला दिवस कोणता. त्या भेटीनंतर यंत्र बंद झाले, ऑक्सिजन आणि औषधे चालू राहिली, धाप लागली की चेहऱ्यासमोर छोटा पंखा धरायचा, असे ठरले. पंख्याच्या वाऱ्याने धाप खरोखर कमी वाटते, हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

पुढचा तीव्र झटका आला तर मास्कपर्यंतच जायचे की नळी घालून व्हेंटिलेटरवरही ठेवायचे, हे वडिलांना स्वतःला विचारून ठेवा. काहींना सर्व उपचार हवे असतात आणि तसे वाटणे पूर्णपणे योग्य आहे; मुद्दा एवढाच की ते त्यांनी ठरवावे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. कागद केला नाही तरी बोलणे टाळू नका. मध्यरात्री आयसीयूच्या दाराशी उभे राहून हा निर्णय मुलांनी घ्यायचा, ही फार कठीण वेळ असते.

उत्तर: छातीविकारतज्ज्ञ (पालिका रुग्णालय)

गिरगावच्या वाचकांनी जे लिहिले ते आम्ही डॉक्टरांनी अधिक वेळा आणि अधिक लवकर बोलायला हवे. तंत्रज्ञांनी छिद्रांबद्दल आणि कमी दाबाबद्दल दिलेल्या सूचनाही अगदी बरोबर आहेत.

या चार आठवड्यांत यंत्राव्यतिरिक्त जे करता येते तेही कमी मोलाचे नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. रक्तातील ऑक्सिजन खरोखरच कमी असेल तर तो दिवसाचे किमान १५ तास लागतो; १९८० आणि १९८१ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधील अभ्यासांनी आयुर्मान वाढते असे दाखवले ते इतका वेळ वापरणाऱ्यांत, धाप लागली की दहा मिनिटे नळी लावणाऱ्यांत नव्हे. पंप ओढण्याची पद्धत डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवायला सांगा, कारण वर्षानुवर्षे पंप घेणाऱ्यांचेही निम्मे औषध जिभेवरच राहिलेले मी पाहतो. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकॉकलची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. घरातल्या घरात का होईना, रोज थोडे चालणे आणि खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा. झोपेच्या गोळ्या मात्र कोणाच्याही सांगण्यावरून देऊ नयेत, त्यांनी श्वास आणखी मंदावतो. गिरणीतील कामाची माहिती, विशेषतः कार्डिंग खात्याची, केसपेपरवर नोंदवून घ्या. कापसाच्या तुसाने होणारा फुफ्फुसाचा आजार वेगळा आहे आणि तो सीओपीडीच्या जोडीने असू शकतो.

चिंचपोकळीकर

वडिलांशी काल रात्री बोललो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. यंत्र भाड्याने आणून मास्क लावून पाहायला त्यांची तयारी आहे, नळीबद्दल मात्र विचार करून सांगतो म्हणाले. आई आता पैशांचे बोलत नाही. एकच शेवटची शंका आहे: एबीजीसाठी जाताना ऑक्सिजन काढून न्यायचे की लावून? आणि सकाळीच जायला हवे का?

उत्तर: छातीविकारतज्ज्ञ (पालिका रुग्णालय)

ऑक्सिजन लावूनच न्या. घरी मिनिटाला एक लिटर चालू आहे, तेवढाच प्रवासात आणि तेथे बसल्यावर ठेवा आणि तपासणीपूर्वी निदान अर्धा तास त्यांना शांत बसू द्या. नमुना घेताना किती लिटर चालू होता, ते अहवालावर लिहून घ्यायला विसरू नका. त्या नोंदीशिवाय आकड्यांचा अर्थ लावता येत नाही. ऑक्सिजनशिवायचीही तपासणी हवी असेल तर डॉक्टर आपल्या देखरेखीखाली नळी काढून दुसरा नमुना घेतील. घरून काढून आणू नये. सकाळची वेळ चांगली, कारण रात्रभर साचलेला कार्बन डायऑक्साइड तेव्हा अधिक स्पष्ट दिसतो. उपाशीपोटी जाण्याची गरज नाही, पंप आणि औषधे नेहमीप्रमाणे द्या. रक्त मनगटाच्या धमनीतून घेतात आणि ते शिरेतून घेण्यापेक्षा जास्त दुखते, याची वडिलांना आधी कल्पना द्या. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती सुई टोचण्यापूर्वीच सांगा आणि नंतर त्या जागी कापूस ठेवून पाच मिनिटे घट्ट दाबून धरा. डिस्चार्ज कार्ड आणि आयसीयूतील जुने एबीजी अहवाल सोबत ठेवा, म्हणजे ७८, ५६ आणि आजचा आकडा एकाच कागदावर शेजारी-शेजारी मांडून पाहता येतील.